फ्रिजमधल्या चौदा डब्या

गेल्या वर्षी रोह्याशेजारच्या अष्टमीतल्या बिल्किसचाचींच्या फ्रिजमध्ये, कोलंबीच्या पिशवीच्या वर आणि बर्फाच्या कप्प्याच्या खाली, माझ्या मुलीच्या, दिशाच्या नावाच्या चौदा स्टीलच्या डब्या होत्या. प्रत्येक डबीवर कागदी पट्टी, पट्टीवर तारीख, वेळ आणि पदार्थाचं नाव. एकीत मऊभात, एकीत मुगाचं वरण, एकीत अर्धं केळं. तिसऱ्या दिवशी त्या केळ्याकडे बघवत नसे. या डब्या तिथे ठेवायला लावणारी बाई मीच. त्यांच्यापायी दिशाची चाचींकडची जागा आणि तिच्यामागोमाग माझी नोकरी, दोन्ही जायची वेळ आली होती.

लिहायचं आहे ते चाचींविषयी. मी मध्ये मध्ये येत राहीन, तो माझा स्वभावच आहे.

रोह्याहून पूल ओलांडून अष्टमीत शिरलं की डाव्या हाताच्या गल्लीत चाचींचं घर आहे. पुढे कौलं, मागे स्लॅब. चाचींनी साठी गाठली आहे. मुसाचाचांनी चोवीस वर्षं कुवेतमध्ये एका मोठ्या भटारखान्यात काढली. दर दोन वर्षांनी दोन महिने घरी. तीन मुलं, सासूचं आजारपण, घराचं बांधकाम, सगळं चाचींनी एकटीने निभावलं. मग मुली लग्न होऊन गेल्या, मुलगा अफान दमामला गेला, आणि चाचा कायमचे परत आले ते पडवीतल्या खुर्चीत बसण्यासाठी. चाची म्हणतात, "एवढी वर्षं ह्यांची वाट बघितली, आनि आले तवा कलला, ह्यांना पन वेलेवर चहा लागतो."

एके सकाळी शेजारची स्वप्नाली धावत आली. ती धाटावला एका कंपनीत पॅकिंगला आहे. सासू मोरीत घसरून पडली होती, पहिली पाळी सातची, कडेवर वर्षाची मुलगी. "चाची, फक्त आजचा दिवस सांभाळा." ती मुलगी आता दुसरीत आहे आणि शाळा सुटली की अजून चाचींकडेच येते. स्वप्नालीने आणखी कोणाला सांगितलं, तिने आणखी कोणाला. होता होता पोरं नऊ झाली. पाटी नाही, भिंतीवर कार्टून नाहीत, वही नाही. सव्वासहापासून दुचाकी येऊन थांबतात, आया हेल्मेट न काढता पोरं उतरवतात. चाची प्रत्येक पोराचा हात आपल्या दोन्ही हातांत धरतात, डोक्याचा वास घेतल्यासारखं करतात, काहीतरी पुटपुटतात आणि आत सोडतात. मला ते फार गोड वाटायचं. दोन वर्षं मी ते फक्त गोडच समजत होते.

आता माझं. माहेर पेणचं, वडिलांचा गणपतीचा कारखाना. लहानपणापासून मी मूर्ती तपासताना बघत आले. बाबा दिव्याखाली मूर्ती फिरवत, बोटाचं टोक, कानाची पाळी, सोंडेखालचा रंग बघत आणि खोट दिसली की मूर्ती मागच्या फळीवर जाई. फळीवरच्या मूर्तींची गोष्ट गिऱ्हाइकाला कधी कळत नसे. एकदा मूर्ती टेम्पोत चढली की बाबा हात झटकत. मी रसायनशास्त्रात पदवी घेतली आणि धाटावला कंपनीच्या प्रयोगशाळेत लागले, तिथेही तेच. कच्चा माल तपासा, अर्धा झालेला तपासा, पुरा झालेला तपासा, नापास तो रोखून धरा. पास झालेल्या मालाचा थोडा नमुना बाटलीत घालून कपाटात तीन वर्षं ठेवा. उद्या कोणी तक्रार केली तर बाटली काढायची आणि दाखवायची की आमच्या दारातून गेला तेव्हा माल चांगला होता. असं कपाट ज्या बाईच्या ताब्यात असतं तिला शांत झोप लागायला हवी. मला लागत नाही. आत्ता हे लिहितानासुद्धा दोनदा उठून दिशाच्या कपाळाला हात लावून आले. ताप नाही. नसतोच.

मागच्या वर्षी मला बढती मिळाली आणि त्याच महिन्यात कंपनीत पुण्याहून एक सर शिकवायला आले. कारखान्याने गुणवत्ता सांभाळली तेवढं पुरत नाही, सेवा देणाऱ्यांनीही मोजमाप केलं पाहिजे, असं त्यांनी सांगितलं. दवाखाना, हॉटेल, बँक अशी उदाहरणं दिली. पाळणाघराचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं. ते मी स्वतःहून जोडलं.

कंपनीच्याच प्रिंटरवर मी तक्ता छापला. तेवीस रकाने. जेवण, ग्रॅममध्ये. झोप, मिनिटांत. शी, वेळा आणि स्वरूप. मनःस्थिती, एक ते पाच. शेवटी शेरा, आणि खाली दोन सह्या: तपासणाऱ्याची आणि मंजुरी देणाऱ्याची. दुसरी अर्थातच माझी.

चाचींनी चष्मा लावून तक्ता सावकाश वाचला. सातवीपर्यंत शाळा शिकल्या आहेत त्या.

"मनःस्थिती म्हंजे काय गो?"

"म्हणजे दिशा खूश आहे की नाही. एक म्हणजे रडतेय, पाच म्हणजे अगदी मजेत."

"आनि रडता रडता हसली तर?"

"मग सरासरी काढायची."

मुसाचाचा पडवीतून म्हणाले, "तीन लिव. रोज तीन लिव. कुवेतला फ्रिजच्या टेंपरेचरच्या कागदावर आम्ही रोज चारच लिवायचो. फ्रिज बंद पडला त्या दिवशी पन चारच."

मग मी डब्या काढल्या. प्रत्येक जेवणातला चमचाभर नमुना बाजूला ठेवायचा. तीन वर्षं नको, सात दिवस पुरेत, असं मी मोठ्या मनाने सांगितलं.

"हां, हे मातर बराबर हाय," चाचा म्हणाले. "चारशे मानसांचं जेवन असायचं. वाटीभर काढून ठेवायचा नियमच होता. कोन आजारी पडला तर तपासायला."

"तुमची चारशे मानसं व्हती, कोनाचं तोंड तुम्हाला दिसत नव्हतं," चाची म्हणाल्या. "हितं नऊ हायती आनि नऊ तोंडां माझ्या पुढ्यात." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ठेव. तुझ्या जिवाला बरं वाटत असंल तर ठेवते."

मी समजले, तक्ता मंजूर झाला.

पहिल्या दिवशी जेवणाच्या रकान्यात लिहून आलं, 'पोटभर'. मी लाल शाईने गोल करून खाली लिहिलं, 'कृपया आकडा लिहावा'. दुसऱ्या दिवशी आलं, '२ पोटभर'. मनःस्थितीत तीन दिवस पाच, चौथ्या दिवशी 'विचारलं, सांगत नाय'. शीच्या रकान्यात 'झाली एकदाची'. मी रोज संध्याकाळी तो कागद घरी आणून तपासत बसे. माझा नवरा नितेश निडी स्टेशनवर कामाला आहे. तो एकदा म्हणाला, "तू पोरीला सोडायला जातेस की ट्रक खाली करायला? आमची गाडी येते, थांबते, जाते. मी नमुना म्हणून काय ठेवू, डबीत शिट्टी?"

महिन्याभरात माझी लाल शाई कमी झाली. चाचींचे आकडे नीट यायला लागले. जेवण एकशे वीस ग्रॅम, झोप पंचावन्न मिनिटं. मला वाटलं, सुधारणा झाली. त्याच सुमाराला दिशा सकाळी दारात माझ्या ओढणीला लटकायला लागली. आधी ती चपला हवेत भिरकावून आत पळायची. एक चप्पल चाचांच्या खुर्चीखाली, दुसरी कुठेही. मी ते लटकणं 'वयानुसार' या सदरात टाकलं.

मग एके संध्याकाळी स्वप्नालीने मला पुलाजवळ गाडी थांबवायला लावली.

"मॅडम, रागवू नका. पन चाची पयल्यासारखी नाय राहिली. पोरां झोपली की घड्याल बघत बसते. मांडीवर घेत नाय, घेतलं की मिनिटां चुकतात म्हनते. नदीवर नेत नाय. मी विचारलं तर म्हनते, कागदात नदीचा रकाना नाय."

"मी तसं कुठे सांगितलं?"

"तुम्ही नाय सांगितलं. पन तुम्ही लाल करून पाठवता ना? धास्तावली ती. पयल्या तारखेपासून बंदच करते म्हनते. आपल्याला आता जमत नाय, कोनाच्या पोराला काय झालं तर, म्हनते." तिने गाडी सुरू केली. "तुमचा एक कागद, मॅडम. नऊ घरांच्या शिफ्टा जातील."

पहिल्या तारखेला अकरा दिवस होते. रोह्यात माझं दुसरं कोणी नाही. सासूबाई नाहीत, आई पेणला बाबांच्या कारखान्यात अडकलेली, नितेशची ड्युटी दर आठवड्याला बदलते. चाचींनी दार बंद केलं तर नोकरी सोडणारी मीच होते. मी ठरवलं, बुधवारचं ऑडिट झालं की चाचींशी बोलायचं. कंपनीचं मोठं गिऱ्हाईक तपासणीला येणार होतं. मुलीच्या सांभाळण्याचा प्रश्न ऑडिटनंतर घ्यायचा, हा क्रमही माझाच.

बुधवारी सकाळी घाई होती. दिशा काही खाईना. ओट्यावर खरवसाचा डबा दिसला. रविवारी आईने पेणहून दिलेला. रात्री फ्रिजमध्ये जागा करताना मी तो बाहेर काढला होता आणि बाहेरच राहिला होता. मी वरचं थोडं काढून टाकलं आणि तिला चार चमचे भरवले. चाचींच्या दारात तिने चपला काढून एकीला एक लावून नीट ठेवल्या. किती शहाणी झाली, असं मनाशी म्हणून मी निघाले. फोन आवाज बंद करून पर्समध्ये टाकला.

अकरा वाजता कंपनीच्या गेटवरून निरोप आला. दिशाला उलट्या होत होत्या.

मी वीस मिनिटांत अष्टमीला पोचले. दिशा चाचींच्या मांडीवर होती, ओल्या फडक्याने त्या तिचं तोंड पुसत होत्या. मी उंबऱ्यातूनच विचारलं, "काय दिलंत तिला?"

चाचींनी माझ्याकडे पाहिलं. दिशाला चाचांकडे दिलं, उठल्या, फ्रिज उघडला आणि त्या सकाळच्या न्याहारीची डबी माझ्या हातात ठेवली.

रोह्यात डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. घाबरण्यासारखं काही नाही, मीठ-साखरेचं पाणी देत राहा म्हणाले. काय खाल्लं होतं, असं विचारलं तेव्हा मी म्हणाले, "सांभाळणाऱ्या बाईंकडे काहीतरी झालंय. नमुना आहे माझ्याकडे. तासाभरात नक्की सांगते." ज्यांच्याकडे दोन वर्षं मी मुलगी ठेवली त्या बिल्किसचाची एका वाक्यात 'सांभाळणारी बाई' झाल्या. नितेश येऊन दिशाला घरी घेऊन गेला, आणि मी ऑडिटला परत. पर्समध्ये डबी.

प्रयोगशाळेतल्या दत्ताला मी कोपऱ्यात बोलावलं. डबी समोर ठेवली.

दत्ताने पट्टी वाचली. "दिशा, बुधवार, न्याहारी. मॅडम, याला स्पेसिफिकेशन कुठलं लावायचं?"

"आधी आम्लता बघ. मग पुढचं बघू."

"भाताची?"

"बघ म्हणते ना!"

एवढ्यात ऑडिटला आलेले साहेब आमच्या मागे येऊन उभे. हैदराबादचे, फार सभ्य गृहस्थ. "मॅडम, ये कौन-सा बैच है?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि दत्ताने डबी उघडली. आत भात नव्हता. वरण नव्हतं. स्वच्छ पुसलेली रिकामी डबी आणि तिच्या तळाशी घडी घातलेली चिठ्ठी. चाचींचं मोठं, सुटं अक्षर:

'आज हिला काय दिला नाय. सकालीच पोट बिघडून आली. घरात काय खाल्लं ते बघ. तुला दोन फोन केले.'

दत्ताने वाचलं. साहेबांना मराठी येत नव्हतं, तेवढी एक दया झाली. मी पर्समधून फोन काढला. सातला एक, साडेआठला एक. दोन्ही चाचींचे. मग आईला फोन लावला. "रविवारचा खरवस?" आई ओरडली. "रात्रभर बाहेर? आणि तू लॅबमध्ये काम करतेस?"

साहेबांना मी सांगितलं की हा नमुना आमचा नाही, चुकून आला. ते म्हणाले, प्रयोगशाळेत पट्टी लावलेला पण नोंद नसलेला नमुना सापडला, हे त्यांना अहवालात लिहावं लागेल. त्यांनी लिहिलंही. वर्षभरात आमच्या कंपनीवर आलेला तो एकमेव शेरा, आणि तो माझ्या खरवसाचा.

दुसऱ्या दिवशी मी रजा घेऊन दिशाजवळ बसले आणि संध्याकाळी ती नितेशजवळ खेळायला लागली तेव्हा एकटीच अष्टमीला गेले. काय बोलायचं ते मनात चार वेळा घोकलं होतं. चाची लसूण सोलत होत्या.

"चाची, चूक माझी होती. घरचाच खरवस..."

"ते मला ठाऊक हाय." त्यांनी मान वर केली नाही. "खरवसाचा राग नाय. आईच्या हातून व्हतं. मी पन अफानला एकदा ज्वारीच्या पिठाऐवजी भलतंच कालवून दिलं व्हतं. तू पयला सवाल काय केलास? पोर कशी हाय, नाय विचारलंस. काय दिलंत, विचारलंस. पोरगी मांडीवर व्हती, तिनं ऐकला."

घोकलेलं सगळं विसरले. मी रडायला लागले, आणि रडताना विचारलं, "तुम्ही खरंच बंद करणार?"

"करायचा इचार हाय."

मुसाचाचा पडवीतून म्हणाले, "अगो, माफ कर तिला. शिकलेली हाय ती, तिला काय ठाऊक?"

चाचींना हसू आलं, पण ते त्यांनी लसणात लपवलं. "शनवारी ये. दिवसभर बस हितं. तुझा कागद घेऊन ये. तू नऊ पोरांचा भर. तुला भरता आला तर मी पन भरीन, आनि बंद पन नाय करनार."

शनिवारी मी सहा वाजता हजर. नऊ तक्ते, दोन पेनं, वजनकाटासुद्धा. आठपर्यंत माझं छान चाललं. दहाला मी न्याहारी वाढली. मऊभात, वर वरण, नऊ ताटल्या, सारखेच दोन-दोन डाव. कंपनीत नऊ पिंपांत तसूभर फरक आला तर माझी झोप उडते, तेव्हा नऊ ताटल्या मी अगदी एकसारख्या केल्या. चौघं रडायला लागली.

चाची आतून आल्या. "ह्या सहरचं वरन वाटीत वेगलं दे, भाताला लागला की ती खात नाय. त्या मोठीला भिंतीकडं पाठ करून बसव. दिशाला कालव. आनि ह्याला आधी पानी दे, हा तहानला की भूक लागली म्हनून रडतो."

दोन मिनिटांत सगळे गप्प. मी चार जणांच्या मनःस्थितीच्या रकान्यात काय लिहावं हे ठरवत होते, तोवर ते चौघं हसत होते. लिहिलं की खोडायची वेळ यायची. एकाचं नाक पुसलं. ते बरं पुसलं की वाईट, हे तपासायला ते रोखून कुठे धरणार? पुसलं तेव्हाच ते वापरून संपलं. दुपारी साडेबाराला दोन तक्ते वरणात पडले होते, तीन तक्त्यांवर चित्रं काढली गेली होती, वजनकाट्यावर एक बाहुली झोपली होती आणि मीच भिंतीला टेकून पेंगत होते. शेरा लिहायचा तर माझ्याबद्दल लिहावा लागला असता.

पोरं झोपल्यावर मी विचारलं, "बुधवारी तुम्हाला सकाळीच कसं कळलं?"

"दारात. हात धरला तर तलवा गरम. तोंडाला आंबूस वास. आनि तुझी पोरगी रोज चपला फेकते. त्या दिवशी दोन्ही लावून ठेवल्या. तवाच म्हटलं, हिचं काय तरी बिनसलंय."

मी त्या चपला पाहिल्या होत्या. पाहून खूश झाले होते.

दोन वर्षं दारात जे चाललं होतं ती कच्च्या मालाची तपासणी होती, आणि ती माझ्यासमोर रोज होत असताना प्रयोगशाळेतल्या मला ती ओळखता आली नाही. मी मात्र रोज सव्वासहाला माल उतरवून, काही न सांगता, हेल्मेटसकट पळत होते.

"कागद नको आनू," चाची म्हणाल्या. "बंद नाय करत. पन एक गोष्ट कर. सकाली पाच मिनिटां थांब दारात. रातचं काय झालं ते खरं खरं सांग. काय खाल्लं, कवा झोपली, मार बसला काय. खोटं नको. मला पुढचा दिवस त्याच्यावरून काढायचा असतो."

"आणि डब्या?"

"डब्या ठेवल्यात. चांगल्या हायती, सांदनां वाफवायला."

पहिल्या तारखेला सकाळी मी गाडी स्टँडवर लावली आणि हेल्मेट काढलं. बाकीच्या आया बघायला लागल्या. आतून वाफेचा वास येत होता. चौदा डब्यांत तांदळाची सांदणं फुगली होती. माझ्या पट्ट्यांचा डिंक दोन-तीन डब्यांवर अजून चिकटलेला दिसत होता.

चाचींनी दिशाचा हात धरला आणि माझ्याकडे पाहिलं. "बोल."

"रात्री जेवली नाही नीट. मी ओरडले. मग ती माझ्यावर ओरडली. सकाळी दूध घेतलं, ताजं. झोप बरी, पण दोनदा उठली."

"आपली आपन?"

हे सांगायला मला जड गेलं. "नाही. मी कपाळाला हात लावला म्हणून."

"ताप व्हता?"

"नाही."

"मग तिला हितं झोपवते दुपारी जास्त. तुला कोन झोपवील?" चाचींनी दिशाचा तळवा उलटा करून पाहिला आणि तिला आत सोडलं. एक चप्पल मुसाचाचांच्या खुर्चीखाली गेली. दुसरी माझ्या गाडीच्या चाकावर येऊन आपटली. मी ती उचलून पायरीवर ठेवली आणि धाटावकडे निघाले.